पुसातली सावली

जमशेद पिंजाऱ्याला 'नाही' म्हणता येत नसे. हा काही मोठा दुर्गुण नव्हे, पण घरच्यांना तो फार महागात पडतो. कोणी ओलसर कापूस आणून टाकला तरी जमशेद ठेवून घेई. परवा लग्न आहे आणि चार गाद्या आजच पाहिजेत असं कोणी म्हटलं, तरी त्याची मान आधी हलायची आणि डोकं मागून चालायचं. मग त्याची बायको हुस्नाबानो आणि मुलगी कौसर दाभण घेऊन बसत आणि बोटं सुजेपर्यंत टाके घालत. कामरगावात सगळे जमशेदला भला माणूस म्हणत. भल्या माणसाच्या बायकोला काय म्हणायचं, ते मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पिंजायच्या मशीनची टिनाची शेड, आणि मधे फरशीचं अंगण, सव्वीस फूट लांब. अंगणाच्या दक्षिणेला माणिकरावच्या किराणा दुकानाची मागची भिंत. माणिकराव आणि जमशेद एका वर्गात शिकले, दहावीत एकाच विषयात नापास झाले आणि एकाच वर्षी आपापल्या बापाच्या धंद्यात बसले. दोघांत निरोपासाठी कधी कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. भिंतीपलीकडून हाक मारली की काम होत असे.

पिंजाऱ्याचा धंदा म्हणजे उन्हाचा धंदा. लोक जुन्या रजया आणून टाकतात. खोळ उसवली की आतून पिवळ्या गुठळ्यांचा कापूस निघतो, त्याला घामाचा आणि बंद पेटीचा वास येतो. तो हातानं फोडायचा, अंगणात पसरायचा, तुऱ्हाटीनं, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीनं, उलटापालटा करायचा. चांगलं दोन दिवस ऊन खाल्लं की तो मशीनमध्ये घालण्याच्या लायकीचा होतो. थोडी जरी ओल राहिली तरी मशीनच्या दात्यांत गुंता होतो आणि पट्टा सुटतो. उन्हाळ्यात लग्नाच्या गाद्या असतात, पावसाळ्यात चार महिने हात रिकामे. खरा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, रजयांचा. घराचं वर्षाचं पोट थंडीतल्या त्या अडीच महिन्यांच्या उन्हावर भरत होतं.

माणिकरावचं दुकान दोन वर्षांपासून बसत चाललं होतं. कारंज्याला मोठं मार्ट निघालं होतं. तिथं टोपली घेऊन आपल्या हातानं माल उचलायचा, कोणी काय पाहिजे म्हणून विचारत नाही. गावातल्या बाया जीपचं भाडं देऊन तिकडे जायला लागल्या. येताना त्यांच्या हातात छापील पिशव्या असत आणि त्या मुद्दाम माणिकरावच्या दुकानासमोरूनच जात, असं माणिकराव म्हणे. शेवटी त्यानं ठरवलं की जुनं टिनाचं दुकान पाडायचं आणि तसंच मार्ट कामरगावात बांधायचं. यात त्याचं काही चूक होतं असं म्हणता येणार नाही. बसलेल्या दुकानात माणूस किती दिवस बसून राहील?

अक्षय तृतीयेच्या सकाळी भिंतीपलीकडून हाक आली.

त्या गल्लीत एक जुनी रीत आहे. नव्या पायाची पहिली कुदळ मालकानं मारायची नाही, शेजाऱ्यानं मारायची. शेजाऱ्याच्या हातची कुदळ लागली की त्या घराचं शेजाराशी वाकडं येत नाही म्हणतात. जमशेदच्या बापानं माणिकरावच्या बापासाठी मारली होती, आणि मशीनच्या शेडला माणिकरावच्या बापानं. जमशेदनं धुतलेला पांढरा सदरा घातला आणि गेला. दुकानासमोरच्या कोपऱ्यात चौकोन आखला होता. नारळ फुटला, जमशेदच्या डोक्याला रुमाल बांधला, त्यानं कुदळ उचलून तीन घाव घातले. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत जमशेद हसतो आहे. दुकान किती उंच होणार, हे त्यानं विचारलं नाही. पेढा तोंडात असताना असले प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी जमशेदनं विचारले नसते.

ते कळलं ते कौसरमुळे. ती घराचा उतारा काढायला ग्रामपंचायतीत गेली होती. बाहेरच्या फळ्यावर नोटीस लावलेली होती, ती तिनं उभ्या उभ्या दोनदा वाचली. तळमजला आणि वर दोन मजले, उंची एकतीस फूट, दोन्ही बाजूंनी हद्दीपर्यंत बांधकाम. शेजाऱ्यांची काही हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. पंधरापैकी नऊ दिवस फळ्यावरच संपले होते.

घरी आल्यावर तिनं सांगितलं तेव्हा हुस्नाबानो गादीच्या कोपऱ्याला टाका घालत होती. तिनं दाभण बाजूला ठेवलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. माणिकरावच्या भिंतीकडे तिनं पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं. तिला कागद वाचता येत नव्हता, पण एवढं गणित तिला कागदाशिवाय येत होतं. या अंगणात ती अठ्ठावीस वर्षं कापूस उलटत होती. ती आत आली आणि म्हणाली, पुसात, पौषाच्या थंडीत, आपल्या अंगणात उन्हाचा कवडसा राहणार नाही.

जमशेद मशीनजवळ बसला होता. भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू बसलेले.

"कुदळ मी मारली वं," तो म्हणाला. "आता कोन्या तोंडानं नाई म्हनू?"

"तोंडानं नोका म्हनू," हुस्नाबानो म्हणाली. "अर्जानं म्हना."

कौसरनं अर्ज लिहिला. सही करायला जमशेदला तीन दिवस लागले. रोज तो अर्ज घडी करून खिशात घाली आणि संध्याकाळी घामानं ओला करून परत आणी. एकदा तर पंचायतीच्या पायरीपर्यंत गेला, तिथं माणिकराव भेटला, दोघांनी चहा घेतला आणि जमशेद परत आला. शेवटच्या दिवशी कौसर स्वतः जाऊन अर्ज देऊन पोच घेऊन आली.

मे महिन्याच्या वीस-एकवीस तारखेला पंचायतीचे लोक जागा पाहायला आले. सरपंच निताताई आणि ग्रामसेवक देवानंद. सोबत माणिकराव होताच. वेळ निवडली होती भर दुपारी बाराची, कारण सकाळी देवानंदला दुसऱ्या गावचं काम होतं. अंगणात फरशी अशी तापलेली की कौसरनं त्यांच्यासाठी ओलं पोतं टाकलं. देवानंद मधोमध उभा राहिला, त्यानं चारी बाजूंनी पाहिलं. डोक्यावर सूर्य सरळ होता. देवानंदची सावली त्याच्या चपलेखाली गेलेली, आणि माणिकरावच्या भिंतीच्या बुडाशी सावलीची वीतभरही पट्टी नव्हती.

"जमशेदभाई, कुठी हाये सावली?" त्यानं विचारलं. टवाळी करायचा त्याचा हेतू नव्हता, त्याला खरंच दिसत नव्हती.

जमशेदनं भिंतीकडे पाहिलं आणि तोही शोधायला लागला. निताताईनं पदरानं मान पुसली आणि हसून म्हणाली की लोक सावलीसाठी झाडं लावतात, तुम्हाला तर आयती मिळून राहिली. सगळे हसले, जमशेदही हसला. हुस्नाबानो पाण्याचे गिलास घेऊन आली होती, ती म्हणाली की थंडीत येऊन पाहा. देवानंदनं समजावलं की फाईल थंडीपर्यंत ठेवता येत नाही, महिन्याच्या आत निकाल द्यावा लागतो. तिनं पुन्हा काही म्हणायला तोंड उघडलं, तोवर माणिकराव बोलला. त्याच्या मनात काही काळं नव्हतं, शेजाऱ्याचं नुकसान त्यालाही नको होतं. तो म्हणाला, माझी गच्ची आहे ना, एवढी मोठी, वर दिवसभर ऊन. भाबींनी कापूस खुशाल गच्चीवर वाळवावा, मी लिहून देतो.

"हो, चालते ना," जमशेद म्हणाला. त्याला खूप बरं वाटलं.

देवानंदनं टेप आणला होता, तो खिशातून न काढताच परत नेला. हुस्नाबानोनं रिकामे गिलास एकात एक आदळत उचलले, आणि तो राग कोणावरचा हे जमशेदला कळत होतं. त्यानं मशीन सुरू केलं. मशीनच्या आवाजात घरात कोणाला बोलता येत नाही, हा त्याचा जुना उपाय होता. पण वीज अर्ध्या तासात गेली.

"गच्चीवर वारं राह्यते," हुस्नाबानो म्हणाली. "कापूस म्हंजे काय पापड हाये? एक झुळूक आली तं अर्धा कारंज्याले जाईन. लोकाइची रजई हाये ते, त्याइनं तोलून देल्ली. आन् तीन मजले चढून कोन नेईन? दुकानातल्या गिऱ्हाइकाइतून जावं लागन, पोतं डोक्यावर घेऊन. रोज विचारून. माणिकभाऊ देईन हो परवानगी. त्याचा पोरगा देईन का?"

जमशेद म्हणाला, लिहून देतो म्हणाला ना तो.

"लिहून त्यानं देल्लं, पन वारं कोनाचं आयकते?"

चुकलंच, तो म्हणाला. आता आठ दिवसांनी ग्रामसभा होती, तिथं माणिकरावच्या अर्जावर निर्णय होणार होता. तिथं सरळ उभं राहायचं आणि हरकत आहे म्हणून सांगायचं, असं तिघांत ठरलं. त्या आठवड्यात रिठदच्या एका लग्नाच्या सहा गाद्या चालू होत्या. जमशेद कापूस मशीनमध्ये सारी, पलीकडून तो फुगून बर्फासारखा पडे, हुस्नाबानो खोळीत भरून बारीक काठीनं झोडपून सारखा करी, आणि कौसर टाके घालता घालता बापाची उजळणी घेई. अब्बा, म्हना, माही हरकत हाये. जमशेद मशीनच्या घरघरीत मोठ्यानं म्हणे, माही हरकत हाये. मशीन बंद असताना म्हणायला सांगितलं की त्याला खोकला येई.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. एरवी पंचवीस माणसं येतात, त्या दिवशी शंभरावर होती, कारण मार्ट सगळ्यांना पाहिजे होतं. बायका एका बाजूला बसल्या. हुस्नाबानो आजवर ग्रामसभेला कधी गेली नव्हती. ती ओढणी नीट घेऊन मागे खांबाला टेकून बसली, कौसर तिच्याजवळ.

माणिकराव चांगलं बोलला. हात जोडून बोलला. गावाचा पैसा गावात राहील, चार पोरींना काउंटरवर काम मिळेल, म्हाताऱ्या माणसाला साखरेसाठी जीपमध्ये हाडं मोडून घ्यावी लागणार नाहीत. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला. जमशेद माझ्या भावासारखा आहे, तो म्हणाला, आणि त्याची हरकत नाही याचा पुरावा म्हणून हे पाहा, माझ्या पायाची पहिली कुदळ त्यानंच मारली. मोबाईल हातोहात फिरला. डोक्याला रुमाल बांधलेला, कुदळ उचललेला, हसणारा जमशेद सगळ्या गावानं पाहिला. शेवटी मोबाईल जमशेदच्या हातात आला आणि त्यानंही पाहिला.

निताताईनं त्याला नाव घेऊन विचारलं, "जमशेदभाई, तुमचा अर्ज आला हाये. तुमीच सांगा. तुमची हरकत हाये का नाई?"

जमशेद उभा राहिला. समोर माणिकराव बसला होता आणि त्याच्याकडेच पाहत होता, डोळ्यांत ना राग ना विनंती, नुसता विश्वास. आजूबाजूला शंभर माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी जमशेदच्या हातची गादी. आठवडाभर पाठ केलेले तीन शब्द त्याच्या तोंडाशी आले आणि तिथून परत गेले.

"होऊ द्या माणिकभाऊचं काम," तो म्हणाला. "माही काई हरकत नाई."

माणिकरावनं डोळे मिटले. टाळ्या सुरू झाल्या. देवानंदनं पेन उघडलं.

"माही हाये."

आवाज फार मोठा नव्हता, पण बायकांच्या बाजूनं आला म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. हुस्नाबानो खांब धरून उभी राहिली होती. ओढणीचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. निताताई म्हणाली, भाबी, घरमालक तर हो म्हणाले.

"घर कोनाच्या नावावर हाये ते पाहा पह्यले," हुस्नाबानो म्हणाली.

देवानंदनं रजिस्टर काढलं. पानं उलटली, बोट फिरवलं, थांबलं. घर हुस्नाबानोच्या नावावर होतं. दहाबारा वर्षांपूर्वीचा ग्रामसेवक दारोदार फिरून सांगत होता की घरं बायकोच्या नावावर करा. गावातल्या शहाण्या लोकांनी विचार करतो म्हणून सांगितलं. जमशेदला विचारलं, तर तो हो म्हणाला. जन्मभर जितके हो म्हणाला त्यातला हा एक घरच्यांच्या कामी आला.

आता बोलणं तिलाच भाग होतं. कौसरनं खालून तिचा हात धरला. मग ती बोलली, आणि देवानंदशी बोलली, बाकी सभा तिनं सोडून दिली.

"देवानंदभाऊ, तुमी वैशाखात बारा वाजता आले, तवा सावली कोनाचीच नसते. पुसात सूर्य तिकून जाते, दुकानाच्या आंगून. तवा भर दुपारी जेवळी भिंत तेवळी सावली. तुमाले पुसापर्यंत थांबता येत नाई म्हनता, तं नोका थांबू. ते सावली आमच्या फरशीवर लिहेल हाये. टेप घेऊन चला."

कोणी म्हणालं, चला पाहू. सभा उठली ती खरी उत्सुकतेनं उठली, कारण निकाल राहिला बाजूला आणि फरशीवर सावली कशी लिहिलेली असते ते सगळ्यांना पाहायचं होतं. अर्धी ग्रामसभा जमशेदच्या अंगणात उभी राहिली, उरलेली गल्लीत. हुस्नाबानोनं अंगणाच्या दक्षिणेकडचं पोतं आणि पाट्या बाजूला केल्या आणि फरशी झाडली.

माणिकरावच्या भिंतीपासून फरशी काळी होती. पावसाळ्यात सगळ्याच अंगणात शेवाळ धरतं. जिथं हिवाळ्याचं ऊन पडतं तिथलं दिवाळीला सुकून झडून जातं, आणि भिंतीच्या सावलीतलं संक्रांतीपर्यंत ओलं राहतं. चाळीस वर्षं तसंच होत आलं होतं, त्यामुळे तेवढ्या भागाला काळा रंग कायमचा बसला होता. तो रंग एका जागी सरळ रेषेत थांबला होता आणि त्यापुढं फरशी पांढरी होती. लग्न होऊन आल्यापासून हुस्नाबानोनं त्या रेषेच्या भिंतीकडच्या बाजूला थंडीत कापूस कधी टाकला नव्हता. सासूनं पहिल्या दिवशी दाखवलेली ती पहिली गोष्ट होती.

देवानंदनं टेप काढला. भिंत दहा फूट एक इंच. काळी फरशी पावणेदहा फूट. त्यानं पुन्हा मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं, तिथंही तेच. मग अंगण मोजलं. सव्वीस. बसलेल्या जागी त्यानं मान वर करून माणिकरावच्या टिनाकडे पाहिलं आणि तिथून वर, रिकाम्या आभाळाकडे, जिथं एकतीस फूट येणार होते.

"मी टेप काढाले पाह्यजे होता त्या दिवशी," तो स्वतःशीच म्हणाला, पण जवळच्यांनी ऐकलं.

मग निर्णयाला वेळ लागला नाही. आहे तो नकाशा मंजूर नाही, अर्जदारानं दुरुस्त नकाशा द्यावा, आणि त्यावर उत्तरेकडच्या घरमालकिणीची सही घ्यावी. माणिकराव निर्णयाखाली सही करून गेला. जमशेद त्याच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला.

पुढचे दिवस घराला जड गेले. भिंतीपलीकडून हाक येणं बंद झालं. टाक्यांचा दोरा संपला तर कौसर बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणू लागली, आणि तो दुकानदार विचारी, काहून, माणिकरावकडे नाही का? जमशेद मशिदीत जाताना लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला. दोन गिऱ्हाइकांनी गाद्यांचं काम परत नेलं, मार्ट अडवलं म्हणून. जेवताना जमशेद एकदा म्हणाला की ऊन गेलं असतं तरी चाललं असतं, पण माणसाचं तोंड चुकवायची वेळ यायला नको होती.

हुस्नाबानो भाकरी मोडत होती, थांबली. "तुमाले चाललं असतं," ती म्हणाली. "तुमी मशीनवर बसता. ओला कापूस मी उलटते." ती अशी कधी बोलत नसे. जमशेद खाली मान घालून जेवला. ती खरं बोलत होती म्हणून त्याला जास्त लागलं.

सभेला बारा दिवस झाले तेव्हा मृग नुकताच लागला होता. शेवटच्या दोन गाद्या पावसाआधी द्यायच्या होत्या. दुपारी आभाळ भरून यायचं आणि न पडता जायचं, हवा दमट, कापूस हाताला चिकटे. तिघंही अंगणात कापूस गोळा करत होती आणि दारावर कोणी थाप दिली. माणिकराव होता. तो या दारानं एकटा वर्षानुवर्षांत आला नव्हता. काखेत नकाशाची गुंडाळी, चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

जमशेद कापूस टाकून धावला. "ये माणिकभाऊ, बस. काई मनात नोको ठेवू. तू म्हनशीन तसं आपून—"

"तू थांब जमशेद," माणिकराव म्हणाला. रागानं नाही, थकून म्हणाला. "तू हो म्हनशीन हे मले घरून निंघतानाच ठाऊक होतं. त्याचा मले काई उपयोग नाई. तुह्या त्या 'हो'नं मले अख्ख्या गावासमोर खाली पाहाले लावलं. तुले नाई म्हनाचं होतं, तं अक्षय तृतीयेलेच म्हनाचं. मी नकाशाच बदलला असता."

जमशेद तिथंच उभा राहिला. माणिकराव त्याला ओलांडून पुढं गेला, फरशीवर उकिडवा बसला आणि हुस्नाबानोसमोर नकाशा उलगडला. वरचा मजला काढून टाकला, त्यानं सांगितलं. खाली दुकान, वर गोदाम. खालची मागची भिंत आहे तिथंच, आहे तेवढीच. वरचं गोदाम तुमच्या बाजूनं मागं घेतो.

"किती मांगं घेऊ, ते तुमी सांगा भाबी."

देवानंदनं तिला सांगून ठेवलं होतं की पंधरा फूट मागा, मिळतील. बारा दिवस तिच्या मनात पंधराच होते. तिनं ओढणीनं हातावरचा कापूस झाडला. मग ती काळी फरशी संपते तिथं जाऊन उभी राहिली आणि दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ अंदाज घेत राहिली. एका मजल्याची दहा फूट सावली, दुसऱ्याची दहा.

"दहा फूट मांगं घ्या," ती म्हणाली. "मंग सावली आज हाये तथीच राह्यते. जास्त नोको. गोदाम लहान झालं तं तुमचं दुकान चालनार नाई, आन् तुमच्याकडे गिऱ्हाईक नाई आलं तं आमच्याकडे तरी कोन येते या गल्लीत?"

माणिकरावनं मान हलवली. खिशातून पेन्सिल काढून त्यानं नकाशावर रेघ मारली. मग म्हणाला की रेघ कागदावर नको, जागेवर पाहू, तुमच्यासमोर खूण करतो. कौसर शेजारून टेप घेऊन आली. माणिकराव दुकानाच्या मागच्या खोलीत गेला आणि तिथून त्यानं आवाज दिला की दुसरं टोक भिंतीशी धरायला कोणीतरी पाहिजे.

जमशेद इतका वेळ दारातच उभा होता. त्याला लाज वाटत होती, बायकोच्या आणि पोरीच्या देखत, अशी त्याला आयुष्यात वाटली नव्हती. आणि त्या लाजेत त्याला हेही कळत होतं की यापुढं या घरात महत्त्वाचं काही विचारायला येणारा माणूस त्याच्याकडे पाहणार नाही, आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आहे. हुस्नाबानोनं त्याच्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली. तो गल्लीतून वळसा घालून दुकानात शिरला, पोत्यांच्या मधून मागच्या खोलीत गेला, भिंतीशी खाली बसला आणि टेपचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं. माणिकराव टेप ओढत मागं सरकत गेला. पलीकडून, भिंतीच्या त्या बाजूनं, हुस्नाबानो विचारत होती, झाले का दहा.